सरकारी योजनेतलं इन्शुलेशन बिघडलं तर: ब्रिटनमधल्या घरमालकांनी दुरुस्ती कशी पदरात पाडून घ्यायची

सरकारी योजनेतून भिंतींना इन्शुलेशन (घरातली ऊब टिकवणारा थर) झालं आणि दुसऱ्याच हिवाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली, अशी घरं ब्रिटनमध्ये थोडीथोडकी नाहीत. तरी कितीतरी लोक तक्रारच करत नाहीत, कारण काम फुकटात झालेलं असतं. "धर्माची गाय आणि दात का गं नाय" म्हणत आपल्याकडची वडीलधारी माणसं तर भिंत पुसून, वर रंगाचा हात मारून गप्प बसतात. हा संकोच आधी सोडा. इको-४ आणि ग्रेट ब्रिटिश इन्शुलेशन स्कीम या दोन्ही योजनांचा खर्च वीज-गॅस कंपन्यांनी केला आणि तो सगळ्या ग्राहकांच्या बिलांतून वसूल केला. तुमच्या भिंतीवरच्या कामाचे पैसे तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरलेले आहेत. ते काम नीट करून मागणं हा तुमचा हक्क आहे.

आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने या योजनांवर अहवाल दिला. भिंतींना बाहेरून इन्शुलेशन केलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावीच लागेल असे मोठे दोष आहेत, आणि अशी घरं २२ ते २३ हजार भरतात. आतून केलेल्या कामांत हे प्रमाण २९ टक्के, म्हणजे ९ ते १३ हजार घरं. बाहेरून केलेल्या कामांपैकी ६ टक्के आणि आतून केलेल्यांपैकी २ टक्के ठिकाणी जिवाला तातडीचा धोका होता: उघड्या वायरी, बॉयलरची हवा कोंडलेली. त्याआधी जानेवारी २०२५ मध्ये सरकारने ३९ कंत्राटदार कंपन्यांना निलंबित केल्याचं जाहीर केलं होतं. या घरांच्या दुरुस्तीचा भुर्दंड घरमालकांवर पडू नये, ही सरकारची जाहीर भूमिका आहे. "तुमच्या एकट्याच्याच घरात कसा प्रॉब्लेम?" असं कंत्राटदाराने विचारलं तर हेच आकडे त्याच्यासमोर ठेवा.

पुढचं सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी आहे. उत्तर आयर्लंडमध्ये या योजना लागू नाहीत.

आधी जीव, मग भिंत

बाहेरच्या भिंतीवर दहा-दहा सेंटिमीटर जाडीचे इन्शुलेशनचे बोर्ड बसवले की बॉयलरचं धुराडं तेवढं बाहेर काढावं लागतं. ते भिंतीत गाडल्यासारखं दिसत असेल, जमिनीलगतच्या किंवा खोलीतल्या हवेच्या जाळ्या गिलाव्याखाली झाकल्या गेल्या असतील, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजत असेल, किंवा बॉयलर चालू असताना डोकं जड होत असेल, तर तक्रारअर्ज नंतर लिहा. बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, घराबाहेर या आणि गॅस इमर्जन्सीच्या ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर फोन करा. उघडी किंवा चेपलेली वायर दिसली तर हात लावू नका. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन बोलवा आणि तो काय म्हणाला ते लेखी घ्या. तो कागद पुढे तुमच्या तक्रारीतला पहिला पुरावा ठरतो.

दोष नेमका कुठे बघायचा

"भिंतीला ओल येते" एवढंच लिहिलेल्या तक्रारीला सहज बगल देता येते. कुठल्या जोडावरून पाणी आत शिरतंय हे सांगितलं की उत्तर द्यावंच लागतं. म्हणून पाऊस पडत असताना छत्री घेऊन घराला एक चक्कर मारा.

खिडकीपासून सुरुवात करा. जुन्या घराची सिल, म्हणजे खिडकीखालची बाहेरची पट्टी, भिंतीच्या पुढे दोन-तीन बोटं आलेली असते, म्हणजे तिच्यावरचं पाणी भिंतीपासून लांब ठिबकतं. भिंत बाहेरून जाड केली की सिलही तेवढी पुढे वाढवायला हवी. ती वाढवली नाही, किंवा वाढवली पण दोन्ही टोकांना फट राहिली, तर खिडकीवर पडलेला सगळा पाऊस बोर्डामागे उतरतो. बाहेरचा गिलावा कोरडा दिसतो, आतला कोपरा भिजलेला असतो. सिलच्या दोन्ही टोकांचे अगदी जवळून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरून.

मग वर बघा. छपराच्या कडेखाली बोर्डाची वरची धार नीट झाकली आहे का? ती उघडी राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. रेनकोटची बटणं लावून गळा उघडा ठेवण्यातला प्रकार. पन्हळ पुढे सरकवली आहे का, की पाणी आता तिच्या मागून उतरतंय? पावसाचे पाइप, केबल, गॅस मीटरची पेटी यांच्याभोवती बोर्ड कापून तसेच सोडलेत का? खाली, जमिनीजवळ, बोर्ड अगदी मातीला टेकलेत का? तसं असेल तर जमिनीतली ओल भिंतीतल्या ओलरोधक थराला वळसा घालून वर चढते.

आतून केलेलं काम ओळखायला कठीण. तिथे कपाटामागे, पलंगामागे, छत आणि भिंत मिळते त्या रेषेवर, खिडकीच्या बगलेत बघा. इन्शुलेशन जिथे संपतं तिथली भिंत थंड राहते आणि घरातली वाफ नेमकी तिथे पाणी होऊन बसते. भिंतीवर टकटक केल्यावर काही ठिकाणी पोकळ आवाज येत असेल, पोपडे सुटत असतील, स्विचबोर्डाभोवती गार वारा लागत असेल, तर तेही टिपून ठेवा.

"तुमच्या स्वयंपाकामुळे होतंय" याला उत्तर

तक्रार केली की बहुतेकांना पहिलं उत्तर हेच मिळतं: तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरात वाळवता, स्वयंपाक फार करता. भारतीय घरात तर कुकर आणि फोडणी बघून हे जरा जास्तच पटकन ऐकवलं जातं, आणि आपली माणसं ओशाळून गप्प होतात. ओशाळायचं काहीच कारण नाही.

या योजनांतली कामं पास २०३५ या ब्रिटिश मानकाप्रमाणे व्हायला हवीत. त्यात काम सुरू करण्याआधी घराची तपासणी करायची असते, घरात किती माणसं राहतात आणि घर कसं वापरतात हे बघायचं असतं, आणि हवा खेळती राहील याची व्यवस्था आखायची असते. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये पुरेसा पंखा, खिडक्यांना हवेच्या फटी, दारांखाली हवा जायला जागा, हे सगळं त्यातच येतं. सहा माणसांच्या घरात रोज दोन वेळा स्वयंपाक होतो हे त्यांना आधीच माहीत असायला हवं होतं. तेव्हा त्यांना एकच प्रश्न लेखी विचारा: माझ्या घराचं व्हेंटिलेशनचं मूल्यमापन कुठे आहे, त्याची प्रत द्या.

सोबत दहा-पंधरा पाउंडाचं आर्द्रतामापक यंत्र घ्या. ते बाधित खोलीत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा, त्या वेळी पंखा चालू होता का, खिडकी उघडी होती का, बाहेर पाऊस होता का हेही लिहा. खोलीतली आर्द्रता ५५-६० टक्क्यांच्या आत असूनही भिंतीचा एकच पट्टा ओला राहत असेल, आणि पावसानंतर तो वाढत असेल, तर पाणी बाहेरून येतंय असं म्हणायला भक्कम आधार मिळतो.

काम कुठल्या योजनेत झालं ते शोधा

दाद कुणाकडे मागायची हे योजनेवरून ठरतं, आणि बऱ्याच घरांत हेच माहीत नसतं. "एक माणूस दारावर आला होता, सही घेऊन गेला" एवढीच आठवण असते. सगळे कागद, ईमेल, व्हॉट्सॲप मेसेज एकत्र करा. काम २०२२ नंतरचं असेल तर ते बहुधा इको-४ किंवा ग्रेट ब्रिटिश इन्शुलेशन स्कीममधलं. ही दुसरी योजना २०२३ मध्ये सुरू झाली. या दोन्हींची अंमलबजावणी ऑफजेम, म्हणजे वीज-गॅस क्षेत्राची नियामक संस्था, बघते. काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) नावाने पत्र आलं असेल तर काम स्थानिक अनुदानातलं असू शकतं, आणि मग तक्रारीचा रस्ता काउन्सिलमधून जातो. दुहेरी भिंतीच्या मधल्या पोकळीत भरलेलं जुनं इन्शुलेशन असेल तर सिगा या हमी देणाऱ्या संस्थेचं २५ वर्षांचं हमीपत्र असण्याची शक्यता मोठी. भरीव भिंतींसाठी स्विगासारख्या संस्था तशीच हमी देतात.

कागद सापडले नाहीत तरी अडत नाही. डेटा संरक्षण कायद्याखाली कुठल्याही संस्थेकडे तुमची माहिती असेल तर ती तुम्हाला मागता येते. पैसे लागत नाहीत आणि साधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. असा अर्ज कंत्राटदाराला, ट्रस्टमार्कला (कंत्राटदारांची आणि कामांची नोंद ठेवणारी संस्था), आणि माहीत असेल तर पैसे देणाऱ्या ऊर्जा कंपनीला एकाच दिवशी पाठवा. घराची आधीची तपासणी, कामाचा आराखडा, काम करतानाचे आणि झाल्यावरचे फोटो, रेट्रोफिट को-ऑर्डिनेटरचं (काम मानकाप्रमाणे होतंय का हे बघणाऱ्याचं) नाव, हमीपत्र, आणि तुमच्या सहीचे सगळे कागद मागा. सहीचे कागद मुद्दाम मागा. खोटे दावे झालेली घरं ५,६०० ते १६,५०० असावीत असा ऑफजेमचा अंदाज होता. कागदावर दाखवलेलं काम आणि भिंतीवरचं काम जुळतं का, हे तुम्हालाच तपासता येईल.

लेखी तक्रार

पहिली तक्रार कंत्राटदाराकडे, तीही लेखी. फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी "आज आपलं असं असं बोलणं झालं" असा ईमेल टाका. तक्रारीत पत्ता, कामाची तारीख, योजनेचं नाव, दोष पहिल्यांदा कधी दिसला, आणि क्रमांक घातलेले फोटो असावेत. प्रत्येक फोटोखाली एक ओळ: "क्रमांक ४, मागच्या बेडरूमची खिडकी, सिलच्या डाव्या टोकाला फट." रागाची विशेषणं गाळा. काय हवंय ते स्पष्ट लिहा: स्वतंत्र तपासणी, लेखी दुरुस्ती-आराखडा, आतल्या रंग-गिलाव्याची आणि खराब झालेल्या सामानाची भरपाई. उत्तरासाठी चौदा दिवसांची तारीख घाला.

हेच पत्र रेट्रोफिट को-ऑर्डिनेटरलाही पाठवा. काम मानकाप्रमाणे झालं की नाही हे बघणं त्याचं काम होतं. हा माणूस अनेकदा कंत्राटदारानेच नेमलेला असतो, म्हणून त्याच्याकडून फार आशा ठेवू नका. पण त्याला कळवल्याची नोंद असणं महत्त्वाचं.

इंग्रजीत लिहायची सवय नसेल तर मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला बसवा, किंवा सिटिझन्स ॲडव्हाइसच्या कार्यालयात जा. त्यांची ग्राहक हेल्पलाइन ०८०८ २२३ ११३३. तिथे नोंदवलेली तक्रार ट्रेडिंग स्टँडर्ड्स या ग्राहक-संरक्षण खात्यापर्यंत जाऊ शकते. स्कॉटलंडसाठी वेगळी ग्राहक सल्ला सेवा आहे.

ट्रस्टमार्क, ऑफजेम, हमीपत्र

कंत्राटदार दाद देत नसेल, किंवा येऊन नुसता सिलिकॉनचा पट्टा ओढून जात असेल, तर ट्रस्टमार्ककडे जा. या योजनांत काम करायला ट्रस्टमार्कची नोंदणी लागते आणि प्रत्येक कामाची नोंद त्यांच्याकडे असते. ते तक्रार कंत्राटदाराला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे नेतात आणि गरज पडली तर कोर्टाबाहेर तंटा सोडवण्याचा मार्ग उघडतात. तुमच्या तक्रारीचा क्रमांक घ्या आणि तो पुढच्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर घाला.

या दोन योजनांत बाहेरून भिंत इन्शुलेट झाली असेल तर तपासणीची वाट बघत बसू नका. अशा सगळ्या घरांची तपासणी होणार असं सरकारने सांगितलं आहे, पण पत्र जुन्या पत्त्यावर किंवा, तुम्ही भाडेकरू असाल तर, घरमालकाच्या नावाने जाऊन पडलेलं असू शकतं. ऑफजेमला स्वतःहून कळवा. आणि एक सावधगिरी: "सरकारकडून तपासायला आलोय" म्हणत दारावर येऊन पैसे किंवा बँकेची माहिती मागणाऱ्याला आत घेऊ नका. ओळखपत्र बघा, ज्या संस्थेचं नाव तो सांगतो तिला तुम्ही स्वतः फोन करून खात्री करा.

पैसे देणाऱ्या ऊर्जा कंपनीकडेही तक्रार नोंदवा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही किंवा "आम्ही याहून काही करू शकत नाही" असं पत्र आलं की एनर्जी ऑम्बुड्समन या स्वतंत्र तक्रार-निवाडा संस्थेकडे जाता येतं. तुमची तक्रार त्यांच्या कक्षेत बसते का, ते आधी फोनवर विचारून घ्या. काउन्सिलच्या अनुदानातलं काम असेल तर आधी काउन्सिलची तक्रार प्रक्रिया पूर्ण करा, मग इंग्लंडमध्ये लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समन. तिथे साधारण बारा महिन्यांची मर्यादा असते, तेव्हा दिरंगाई नको.

कंपनीच बंद पडली असेल तर? कंपनीज हाउसच्या नोंदीत नाव शोधा. बुडाली की नाव बदलून चालू आहे, ते तिथे दिसतं. बुडाली असेल तर हमीपत्र बाहेर काढा. ते अशा वेळेसाठीच असतं. मात्र नीट वाचा: हमीला रकमेची मर्यादा असते, काही दोष वगळलेले असतात, आणि "देखभाल केली नाही" हे कारण पुढे केलं जातं. नकार आला तर तो कुठल्या कलमाखाली, हे लेखी मागा.

याच सुमारास तुमच्या खासदाराच्या भेटीच्या वेळेत जाऊन फाईल दाखवा. खासदाराच्या पत्राने अडकलेली प्रकरणं हलतात, आणि ऑफजेम किंवा मंत्रालयाच्या कारभाराविरुद्ध पार्लमेंटरी ऑम्बुड्समनकडे जायचं तर खासदारामार्फतच जावं लागतं. गल्लीतल्या आणखी घरांत तेच झालं असेल तर एकत्र जा. प्रेस्टनमधल्या फिशविक भागात आणि वेल्समधल्या ब्रिजेंडजवळच्या काएराय गावात याच्या आधीच्या योजनांनी घरंच्या घरं खराब केली. तिथले रहिवासी वर्षानुवर्षं एकत्र बोलत राहिले म्हणून तो प्रश्न दबला नाही, आणि काएरायच्या दुरुस्तीला अखेर वेल्श सरकारने पैसे दिले.

कोर्ट आणि "जिंकलो तरच फी" वाले

कायदा तुमच्या बाजूने काही प्रमाणात आहे. तुमचा कंत्राटदाराशी करार असेल, विशेषतः थोडे पैसे तुम्ही भरले असतील, तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने व्हायला हवं. नाहीतर ते पुन्हा करून मागता येतं. तुमचा वाटा १०० पाउंडांहून जास्त किमतीच्या कामासाठी क्रेडिट कार्डाने भरला असेल तर कार्ड कंपनीकडेही दावा करता येतो. इंग्लंड-वेल्समध्ये २८ जून २०२२ नंतर झालेल्या कामामुळे घर राहण्यायोग्य उरलं नसेल तर १९७२च्या डिफेक्टिव्ह प्रिमायसेस ॲक्टमधल्या नव्या तरतुदीखाली १५ वर्षांपर्यंत दावा होऊ शकतो. बाकीच्या बहुतेक दाव्यांना सहा वर्षांची, स्कॉटलंडमध्ये पाच वर्षांची मुदत धरून चाला. इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पाउंडांपर्यंतचा साधा दावा छोट्या दाव्यांच्या मार्गाने, वकिलाशिवायही करता येतो. त्याआधी स्वतंत्र चार्टर्ड सर्व्हेयरचा अहवाल घ्या. त्याला काही शे पाउंड लागतात, पण कंत्राटदाराच्या माणसाने लिहिलेल्या कागदाला तोडीस तोड कागद तुमच्याकडे असायलाच हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचा इशारा. दारावर येऊन "एक पेनीही लागणार नाही, आम्ही केस लढवतो" म्हणणाऱ्यांच्या कागदावर लगेच सही करू नका. शेफील्डची एसएसबी लॉ ही कंपनी पोकळ भिंतींच्या इन्शुलेशनचे असे हजारो दावे चालवत होती. जानेवारी २०२४ मध्ये ती बुडीत निघाली, आणि ज्यांना काहीच खर्च येणार नाही असं सांगितलं होतं त्यांच्या दारात समोरच्या पक्षाच्या वकिलांची हजारो पाउंडांची बिलं आली. वकील नेमायचाच असेल तर तीन गोष्टी लेखी घ्या: केस हरली किंवा मध्येच सोडली तर समोरच्याचा खर्च कोण देणार, त्यासाठीच्या विम्याची पॉलिसी कुठे आहे, आणि ती कुठल्या परिस्थितीत रद्द होते.

दुरुस्तीला माणसं आली की

पुरावा हातात येईपर्यंत बोर्ड उपटू नका, भिंत रंगवू नका. दुरुस्तीआधी, दुरुस्ती चालू असताना आणि संपल्यावर फोटो घ्या. बोर्ड काढल्यावर आतली भिंत कशी दिसते हा फोटो पुन्हा कधीच मिळणार नाही. ओली भिंत वाळू न देता वर नवा बोर्ड बसवू देऊ नका.

"काम समाधानकारक" असं छापलेल्या कागदावर त्याच दिवशी सही मागतील. एक मोठा पाऊस होऊन जाईपर्यंत सही देऊ नका. फारच आग्रह झाला तर "फक्त काम संपल्याची नोंद, दर्जा तपासायचा बाकी" असं हाताने लिहून मगच सही करा. "ही अंतिम भरपाई असून यापुढे दावा करणार नाही" अशी ओळ असलेला कागद तर सल्ला घेतल्याशिवाय नकोच.

भाडेकरूंनी तक्रार घरमालकाकडे करायची; काउन्सिलचं किंवा हाउसिंग असोसिएशनचं घर असेल तर त्यांची प्रक्रिया संपल्यावर इंग्लंडमध्ये हाउसिंग ऑम्बुड्समन.

दुरुस्ती मान्य झाली की सुधारित कामाची नोंद ट्रस्टमार्ककडे झाली का ते विचारा, हमीपत्रावर नव्या कामाची तारीख लावून घ्या, आणि सगळी फाईल जपून ठेवा. इंग्लंड-वेल्समध्ये घर विकताना टीए६ फॉर्ममध्ये घरावर झालेल्या कामांची माहिती द्यावी लागते, आणि खरेदीदाराचा सॉलिसिटर (वकील) हेच कागद मागतो.